फलनिष्पत्ती

सातवीत मी वांगं काढलं, जांभळं.
भिंतीवरच्या तक्त्यात तसंच होतं.
तडवी सरांनी वही उलटी धरली, सुलटी धरली,
म्हणाले, भंगाळे, हे कुठल्या गावचं?
वर्ग हसला. मीही हसले.
शनिवारी सर सायकलला पिशवी अडकवून आले,
टेबलावर ठेवलं बामणोदचं वांगं,
भरताचं, हिरवं, पाठीवर पांढुरक्या रेघा,
तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं.
"हे घरी खाता ना?
मग वहीत हा पाहुणा कुठून आला?"

चित्रकलेचा तास आठवा, शेवटचा,
तोही निम्म्या वेळा गणिताच्या नारखेडे सरांनी उसना नेलेला.
उसनं कधी परत आलं नाही.
उरलेल्या तासांत शिकलो ते एवढंच:
केळीच्या बागेत हिरवे सतरा
(शेवंताने एकोणीस मोजले, आमचं भांडण झालं,
दोन दिवस बोलत नव्हतो).
कळण्याची भाकर नुसती करडी नसते, आत कुठेतरी निळी असते.
सातपुडा सकाळी जवळ येतो, दुपारी मागे सरकतो;
तो सरकला की रंगात पाणी वाढवायचं.

एकदा पांढऱ्या टॉवेलवर पांढरी बशी,
बशीत सोललेलं अंडं.
काढा.
"सर, पेटीतला पांढरा संपलाय."
"बरं झालं. आता बघाल."
मागच्या बाकावरून कुणीतरी कोंबडीसारखं ओरडलं.
मला आधी काहीच दिसेना.
मग अंड्याच्या पोटाखाली निळसर,
वर वर्गाची खिडकी, तीही वाकलेली,
आणि कडेला, अगदी कडेला, पिवळा,
इतका थोडा
की बोललं तर उडून जाईल.

परीक्षेत मला सी ग्रेड.
चित्रकार झाले नाही. आमच्या वर्गातून कुणीच झालं नाही.
निसार केळी पिकवतो, सुनील ग्रीलचं वेल्डिंग करतो,
शेवंता सुरतेला असते.
मी सिस्टर झाले, सावद्याला, बाळंतिणींच्या वॉर्डात.

ट्यूबलाइटखाली सगळी बाळं एकाच रंगाची.
पालकडच्या पाड्यावरचं एक होतं, दोन दिवसांचं.
पहाटे खिडकीपाशी नेलं, पापणी हलकेच ओढली.
पांढऱ्याच्या कडेला,
अगदी कडेला.
डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट येऊ द्या.
रिपोर्ट आला.
बाळ चार दिवस निळ्या दिव्याखाली निजलं
आणि आईच्या मांडीवर, काळीपिवळीत बसून घरी गेलं.

हे मी शाळेच्या मीटिंगमध्ये सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर लिहून घेतलं असतं:
चित्रकलेमुळे कावीळ ओळखता येते.
आणि पुढच्या वर्षी विचारलं असतं, यंदा किती ओळखल्या?
सरांनी तर ते अंडं
तास संपल्यावर मीठ लावून खाल्लं होतं.

सर रिटायर झाले त्याला सहा वर्षं.
पद रिकामं. तास स्कॉलरशिपच्या सरावाला.
माझी पोरगी त्याच शाळेत, त्याच खिडकीशी बसते.
परवा तिने वांगं काढलं,
जांभळं.

पद भरा म्हणून प्रस्ताव, प्रस्तावाला फॉर्म,
फॉर्मात रकाना सातवा:
अपेक्षित फलनिष्पत्ती, एका वाक्यात.
सगळे माझ्याकडे बघत होते,
तुम्हीच मागे लागलात, तुम्हीच लिहा.
पोरीच्या दप्तरातून हिरवा खडू काढला.
वांगं सातव्यात मावेना, आठव्या रकान्यात शिरलं.

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला.
"मॅडम, हा काय, पेरू?"

मी म्हटलं, देठ बघा.