अकरावं प्रकरण

हरिपूरच्या रस्त्याला चिंचेखाली सायकल लावून
मी पुन्हा पेवांच्या रानात येतो.
वरून काहीच कळत नाही इथं.
सपाट माती, दोन शेळ्या, कुणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं.
खाली हळद असायची, वीस-पंचवीस फूट.
कादंबरीचंही असंच असतं,
असं मी तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं.
मग खोडलं.
फार शहाणं वाटत होतं.

दिवसा मी अडत दुकानात दिवाणजी.
तोलाई, हमाली, पोत्यांचे आकडे.
एक शून्य इकडचं तिकडे झालं
की शेठ चष्म्यावरून बघतात.
रात्री रद्द पट्ट्यांच्या पाठीवर
मी अख्खी माणसं चुकवतो
आणि चष्म्यावरून बघायला कुणी नसतं.

चार वर्षं झाली. दोनशे बारा पानं.
तवनाप्पा चौगुले पेवाच्या तोंडाशी उभा आहे,
धोतराचा काचा मारून, कमरेला दोर.
अकराव्यात तो उतरणार,
आत हवा कोंडलेली असणार,
आणि तो वर येणार नाही.
हे पहिल्या दिवशीच ठरलेलं.
बाकीचं सगळं मी त्यासाठी जमवलं,
बटण सापडलं म्हणून सदरा शिवावा तसं.

पण तो उतरत नाही.

आधी म्हणाला, कंदील सोडा.
बरोबरच आहे. मी कंदील लिहिला.
तो अर्ध्यातच विझला.
"बघा. आता कशाला उतरू?"
मी त्याच्यामागं सावकार लावला,
पोरीचं लग्न काढलं,
दोन्ही पुठ्ठ्याची निघाली.
मुकादमाकडून आईवरून शिवी देववली.
तवनाप्पानं शांतपणे पिंक टाकली, म्हणाला,
"दिवाणजी, आत वास कसला येतो,
तुमाला तरी म्हाईत हाय का?"

नव्हतं.

म्हणून बुधवारी दस्तगीर मुजावरांकडे गेलो.
चाळीस वर्षं पेवं भरली, रिकामी केली,
आता गुडघे धरून ओट्यावर बसतात.
वास विचारल्यावर बराच वेळ हसले.
"वासाचं काय, भिजल्या गोणपाटाचा.
वास कोण घेत बसतंय?
उतरताना मी एकच बघायचो,
वर दोर कुणाच्या हातात हाय.
बिडी वडणारा आसला
तर त्या दिवशी माझं पोट दुखायचं."

परत येताना सायकल हातातच धरून चालत आलो.
दोनशे बारा पानं.
त्यांत हळदीचे भाव आहेत, संगमावरचं धुकं आहे,
तवनाप्पाच्या बायकोच्या नथीवर अख्खं दीड पान आहे.
दोर धरणारा कुठंच नाही.
दोर नुसताच आभाळातून खाली आलाय
आणि मी त्या माणसाला म्हणतोय, उतर.

आज दुकानात दोन पट्ट्या चुकल्या.
शेठनी चष्मा काढूनच ठेवला.

रात्री पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात.
नथ गेली. धुकं गेलं, थोडं जड गेलं.
एक माणूस आला, नाव अजून सुचलेलं नाही,
तळहाताला घट्टे, सदऱ्याला एक बटण कमी.
एका हातात दोर.
दुसरा हात खिशात
काडेपेटी चाचपतोय.

तवनाप्पानं पहिल्यांदाच
मान वळवून वर बघितलं.