बसतंय का बघ

लाइट बिलाच्या पाठीमागची यादी
चौथ्यांदा खोडून झाली आहे.
एकूण अडतीस हजार.
त्यातले बावीस माझे, महापेला रात्रपाळी करून जमवलेले.
बाकीचे ताईने ‘परत नको देऊस’ म्हणून दिलेले,
म्हणजे परत द्यायचेच.

घणसोलीतली आमची खोली. पलंग आणि ओटा
यांच्यामध्ये जेवढी फरशी दिसते
तेवढ्यावर हे सगळं उभं राहायचं आहे.

प्रोसेसर स्वस्त मिळतो, तर त्याचा बोर्ड महाग.
बोर्ड स्वस्त मिळतो, तर तो मागच्याच पिढीला ओळखतो.
रॅम घाईत घेऊन बसलो, डीडीआर-फोर,
आता तिच्यापायी बाकीचे सगळे
तिच्याच वयाचे शोधतोय.
मावशी हसते : पत्रिका बघ की एकदा.
मावशी, इथे छत्तीसपैकी पस्तीस जुळले
तरी पडदा काळाच राहतो.

ग्राफिक्स कार्ड कळव्याला मिळालं, खारेगावात.
प्रणीत म्हात्रेने एका हाताने गेम चालवून दाखवला,
दुसऱ्या हातात दोन महिन्यांची मुलगी.
पडद्यावर पूल कोसळत होता, आवाज बंद.
“आठ हजार दे. आता कवा खेलनार मी.”
डबीतले चार स्क्रूही त्याने मोजून दिले.

घरी आलो तर अण्णांनी व्हर्नियर काढला,
बारा इंची.
रबाळ्याची कंपनी बंद पडली तेव्हा
हिशेबात कुणी न धरलेली वस्तू,
मलमलीत गुंडाळून, तेलाचं बोट फिरवून ठेवलेली.
कार्ड : दोनशे ब्याण्णव.
कॅबिनेटच्या पोटात : दोनशे ऐंशी.
“चार सूत,” ते म्हणाले. “जरा कमीच.”

मी कॅबिनेट खोक्यात भरायला घेतलं.
ते पलंगाखाली वाकून हॅकसॉ शोधत होते.
“हा पिंजरा कशासाठी?”
हार्ड डिस्कसाठी.
“आहे तुझ्याकडे?”
नाही.
“मग?”

पेपर अंथरला. तासभर कानस चालली.
शेजारच्या गोडसेकाकूंनी दार वाजवून विचारलं, काय कापताय.
मग रुमालात चुंबक धरून
कोपरान् कोपरा पुसला त्यांनी, दोनदा,
लोखंडाचा कीस एवढासाही आत राहायला नको म्हणून.
एवढ्या मायेने त्यांनी
माझी दहावीची मार्कशीटही हातात धरली नव्हती.

तरी चालू होईना.
पंखा फिरे, थांबे, फिरे.
कोपरखैरणेला, तीन टाकीपाशी, इलियासभाईंनी
खणातून एक जुना प्रोसेसर काढला,
कडेला पिवळा पडलेला.
“बोर्डाला नवा कळत नाही अजून.
आधी जुना बसवायचा, तो शिकवतो, मग उतरतो.”
सरकती रेघ. चाळीस टक्के. एकेचाळीस.
शुक्रवार होता, दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार.
आम्ही तिघंही पडद्याकडे न बघता
छताच्या पंख्याकडे बघत होतो.

रेघ भरली.
त्यांनी जुना उचलला, पेस्ट पुसली,
पुन्हा खणात, रबरबँडच्या डब्यापाशी.
किती झाले?
“दीडशे. चहा पिऊन जा.”
अण्णा चहा पिताना
त्या बंद खणाकडे का बघत होते, विचारलं नाही.

रात्री अकराला पडदा उजळला.
मी ओरडलो, ताईला फोन लावला, फोटो काढला.
अण्णा पडद्याकडे फिरकलेच नाहीत.
तळवा कॅबिनेटच्या टपावर सपाट ठेवून उभे,
डोळे मिटलेले,
लेथवर ठेवायचे तसा.
“बेअरिंग बरं आहे,” म्हणाले.
“पण मागे डावीकडे काहीतरी सैल आहे.”

स्क्रू होता.
अर्धा आटा फिरला.