बारका दोन

मगदूम सरांनी घातलेलं गणित पुस्तकातलं नव्हतंच.
"हुपरीची न्हवं तू? मग घरचंच सोडव.
चाळीस लिटर पाणी, पीएच एक.
उदासीन करायला चुना किती?"

परसात तेच निळं पिंप उभं.
अण्णा पैंजण बुडवतात,
काळे जातात, पांढरे निघतात,
आणि तेजाबाचा राग मागं पिंपात राहतो.

मी वही मांडली.
पीएच एक, म्हणजे लिटरमागं मोलाचा दहावा भाग.
चाळीस लिटरांत चार मोल.
चुन्याच्या मोलाचं वजन चौऱ्याहत्तर,
चौऱ्याहत्तर चोक दोनशे शहाण्णव.
खाली दोन रेघा ओढल्या.

अण्णांनी चेपलेल्या पितळी वाटीनं
डब्यातली चुन्याची पूड घेतली.
"एवढाच? दुप्पट लागतोय."
ते हसले नाहीत. वाटी काट्यावर रिकामी केली,
चांदीची कस हलली तरी ज्याला कळतं त्या काट्यावर.
एकशे साठ.
"वीस वर्सं एवढाच जातोय. तुझं कुठं सांडलं बघ."

जेवण निवलं.
लॉग पुन्हा काढला, गुणाकार पुन्हा केला,
पेनाचं टोपण चावून पांढरं झालं.
ओसरीवर आई घुंगरं जोडत होती,
एका कडीला दोन,
पुढच्या कडीला दोन,
नजर टीव्हीवर, बोटं कडीवर.
एका कडीला दोन.

आणि मला तो दिसला,
कंसाबाहेर, ओळीच्या जरा खाली बसलेला
बारका दोन.
चुन्याचा एक रेणू दोन आम्लांना पुरतो.
चार नव्हे, दोन मोल. एकशे अठ्ठेचाळीस.
आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. दिवा बारीक कर."

सकाळी मीच तोलला, मीच ढवळला.
कागद बुडवला: नारिंगी.
अण्णांनी न बोलता चिमूट टाकली.
पुन्हा चिमूट.
पिवळा.
मग कागदावर कोथिंबिरीच्या कोंबासारखा
हिरवा उमटला, आणि दोघंही जरा थांबलो.

सरांना विचारलं, वरचे बारा ग्रॅम कुणाचे?
"चुना दुकानातला, पोरी. वहीतला नव्हं.
हवा खाऊन बसलेला असतोय तो."

वहीत उत्तर एकशे अठ्ठेचाळीस, बरोबरची खूण, सरांची सही.
शेजारी पेन्सिलीनं मी लिहून ठेवलंय:
अण्णांची वाटी, एक. शिगेसकट.