तारखेचा रकाना

डलूथच्या या टेकडीवर, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर
सोळा हिवाळे मी तक्रारी उघडते आहे.
खिडकीतून सरोवर दिसतं, नोव्हेंबरात शिशासारखं,
आणि लोहखनिज न्यायला आलेली जहाजं
दूर नांगर टाकून थांबलेली.
तक्रार घेऊन आलेली मुलंही तशीच
दाराबाहेर बराच वेळ उभी असतात.

टाइना कोस्केला आली तेव्हा
कानांवरची टोपी काढायला तयार नव्हती.
मग काढली. दोन्ही कानांमागे यंत्रं,
एकावर चिकटवलेला पिवळा ठिपका.
'हा डावा,' ती म्हणाली, 'घाईत चुकतं.'

मी पडदा तिच्याकडे वळवला.
प्रकार निवडा: गैरवर्तन, भेदभाव, अपंगत्वाच्या सोयी.
एकच निवडता येतो.
'आणि तिन्ही असतील तर?'
जे जास्त ठसठसतं ते निवड, मी म्हटलं,
बाकीचं खालच्या मोठ्या चौकटीत लिही.
ती चौकट मी वाचते.
हे मी प्रत्येकाला सांगते. कुणाचा विश्वास बसत नाही.

नाव न देता तक्रार करायची आहे का?
ती पहिल्यांदा हसली.
'वर्गात बावीस जण. यंत्र लावणारी मी एकटी.
नाव झाकलं, तरी कान कुठे झाकू?'

घटनेची तारीख.
तिने लिहिलं: मंगळवार, गुरुवार.
रकाना लाल झाला.
तिने लिहिलं: दर वेळी.
लालच.
'पहिली तारीख घाल,' मी म्हटलं.
'कुठली पहिली?
सर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, ती?
का मी हात वर करून, पुन्हा सांगाल का, विचारलं
आणि ते म्हणाले, असू दे, महत्त्वाचं नव्हतं, ती?
का मी हात वर करायचं सोडलं, ती?
ती तर मला माहीतच नाही.
त्या दिवशी काहीच घडलं नाही.'

पुरावा म्हणून तिने वही काढली.
तिची नव्हे, शेजारी बसणाऱ्या बो लाप्रेरीची.
खडकांचे थर, थरांची वयं,
समुद्राच्या तळाशी लोखंड कसं साचत गेलं,
सगळं टापटीप; आणि मध्येच कंसात
त्याने प्रामाणिकपणे लिहिलेलं: सगळे हसले.
सत्ताविसाव्या पानावर पुन्हा, सगळे हसले.
कशाला, ते लिहायचं राहून गेलेलं.

मी नियमाप्रमाणे सांगितलं: कामाचे दहा दिवस,
पत्र येईल, हवं तर सोबत कुणाला आण,
तक्रार केली म्हणून तुझ्या गुणांना कुणी हात लावणार नाही.
बोलताना माझाच आवाज मला छापील वाटला.
छापील असणं ओठांवरूनही वाचता येतं का,
विचारायचं होतं. विचारलं नाही.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, म्हणतात ना,
ती बांधली गेली. एक छोटा माइक
प्रोफेसर व्हिटकॉमच्या कॉलरला, थेट तिच्या कानांत.
दहावा नव्हे, अकरावा दिवस होता. पण बांधली गेली.
मी फाइल बंद केली.
फाइल बंद करायला मला आवडतं.

डिसेंबरात ती परत आली, टोपी हातात.
वर्ग सुटल्यावर सर माइक काढायला विसरले होते.
ती जिन्यात, ते कुठेतरी लांब,
आणि तिच्या कानांत त्यांची पावलं, खोकला,
कॉफीच्या यंत्रात पडलेलं नाणं.
मग कुणाला तरी म्हणालेलं एक वाक्य.
'मला ऐकायचं नव्हतं,' ती म्हणाली,
'पण इतकं स्वच्छ
मला आजवर कुणाचंच ऐकू आलं नव्हतं.'

वाक्य अर्जात आहे. इथे नाही.

मी न विचारताच तिने खुर्ची ओढली.
तारखेच्या रकान्यात आठ आकडे भरले.
रकाना हिरवा झाला.
'या वेळी एकच आहे,' म्हणाली,
आणि मोठ्या चौकटीकडे वळली.
मी माझी खुर्ची जरा फिरवली,
खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी.