पुठ्ठ्याचा भाव

तिनं आधी भाव विचारला.
कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, सहा प्रती.
मी म्हटलं, पानं किती?
म्हणाली, अजून एकही नाही.
अर्जसुद्धा भरलेला नाही.

कोइंब्रातल्या या चढावर माझं दुकान.
एकतीस वर्षं प्रबंध शिवतोय,
आत काय लिहिलंय ते मला विचारू नका.
मला कण्याची जाडी कळते.
फार जाड असला तर लिहिणारा घाबरलेला होता,
एवढं मात्र कळतं.

एदुआर्दा सेर्दैरा. बोटांना मासळीचा वास.
मोंदेगु नदीत उलटं चढत येणाऱ्या लाम्प्रे माशांवर
चार वर्षं, पाचही लागतील,
शिष्यवृत्ती खोलीच्या भाड्यापुरती.
दुसरीकडे फिगैराचा सार्डिनचा कारखाना:
प्रयोगशाळेत कायमची जागा,
शुक्रवारपर्यंत सही.
आई म्हणते, त्या माशाचा आम्ही भात करतो,
तू त्याचं आणखी काय करणार?

ती हसली नाही, म्हणून मीही नाही.

मी तिला वरची फळी दाखवली.
तीन प्रबंध, कुणी न नेलेले.
एकाचे तर पैसेही आगाऊ आलेत.
आणि तो भूमितीवाला बाल्तझार,
पदवी मिळून सात वर्षं झाली,
तरी दर नाताळात येतो, एक पान बदलून द्या म्हणतो,
अधिकच्या जागी उणे पडलंय कुठंतरी.
सुखी दिसत नाही;
पण जिना अजून दोन-दोन पायऱ्यांनी चढतो.
हे तिला सांगायला नको होतं बहुधा.

तिनं विचारलं, तुम्ही असता तर?

मी चौथीनंतर सरस शिजवायला बसलो, पोरी.
मला कुणी शुक्रवार दिलाच नाही.
हे मनात. तोंडानं म्हटलं,
विज्ञानाला फिकट निळं कापड लागतं,
ते यंदा महागलंय.

तिनं तुकडा मागितला, बोटाएवढा.
पिशवीत टाकला. दार नीट ओढलं नाही.

संध्याकाळी हात रिकामे होते म्हणून
तिचं नाव जुळवून पाहिलं,
शिशाचे खिळे, उलटे.
द तीन लागतात. खणात दोनच निघाले,
तिसरा कुठं घरंगळला कोण जाणे.
पोर्तोहून यायला पंधरा दिवस.
आज बुधवार.

मागवून ठेवतो.
दुसऱ्या कुणाच्या नावात तरी लागेलच.