पंधराची पत्ती

सकाळी सातच्या बॅचला
स्टार्टर मारला की टक टक टक टक,
आणि शिकणाऱ्यांचे हात स्टिअरिंगवरून एकदम उचलले जातात,
जणू त्यांनीच काही मोडलं.
'मॅडम, हे माझ्यामुळे का?'
नाही हो. गाडी जुनी आहे. क्लच दाबा.

आठ दिवस मी रेडिओ मोठा करून भागवलं.
कुणी म्हणालं ऑइल बदला, बदललं.
कुणी म्हणालं इंजिनच गेलं,
भंगारात बारा हजार येतील.
दारावर अजून पिवळ्या अक्षरांत माझ्या नावाची शाळा,
माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक,
बारा हजार.

भांडुपला एलबीएसवरून आत वळलं की
पत्र्याच्या शेडखाली यासीन दळवी बसतात.
मूळचे खेडचे. उजवा कान कॉम्प्रेसरने नेला,
डावा नुसता नावाला.
आवाज दाखवायला मी अशा माणसाकडे आलेय
हे तिथे पोचल्यावर कळलं.

'बंद नका करू,' ते म्हणाले.
लाकडी मुठीचा लांब पेचकस घेतला,
टोक इंजिनच्या झाकणावर टेकवलं
आणि मूठ धरली दातांत.
डोळे मिटले.
एक जागा, मग चार बोटं पुढे, मग आणखी पुढे,
बाजारात नारळ हलवून बघतात तसं,
फक्त कानाशिवाय.
मग खाली वाकून ऑइल चेंबरला.
तिथून वर आले ते हसतच.
'खाली शांत आहे. खाली वाजलं असतं
तर चहा पाजून परत पाठवलं असतं तुम्हाला.
वरचं आहे. इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदा वाजतं.
टॅपेट.'

मूठ बनियनला पुसून माझ्यापुढे धरली. बघा.
मी ओढणीने पुन्हा पुसली, आणि चावली.
ऑइलची चव, बिडीची चव.
आणि जबड्यातून, कानशिलातून,
टक. टक. टक.
माझ्या दाढेत कुणीतरी भाड्याने राहत होतं.

हे काम गार इंजिनवरच होतं. दोन तास थांबा.
शेजारी उसाचा चरक. मंजुळाबाईंचा फोन:
'आज क्लास?'
दुपारी.
(वय चोपन्न. गिअर बदलताना श्वास रोखतात,
काही विचारलं तर मान हलवतात.)

झाकण उघडलं. सहा व्हॉल्व्ह ओळीत, काळे, चकचकीत.
सुदेश पाना लावून पुली हळूहळू फिरवतोय,
यासीनचाचा पत्त्यांचा जुडगा उलगडतात,
पंधराची काढतात:
एका मिलिमीटरचे शंभर भाग, त्यातले पंधरा.
तिसऱ्या सिलेंडरला पत्ती नुसतीच आत गेली,
लोण्यातून सुरी.
'हा. हाच बोलत होता.'
नट सैल, स्क्रू किंचित आत,
पत्ती ओढून बघायची:
अडली पाहिजे, अडकता कामा नये.

मी म्हणाले, आणखी आवळा ना. अगदी गप्पच करा.
त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं
आणि पत्ती माझ्या नाकासमोर धरली.
'एवढी जागा ठेवावीच लागते, मॅडम.
तापलं की लोखंड वाढतं.
आवळून गप्प केलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही,
आतल्या आत जळतो.
महिना महिना कळत नाही कुणाला.
त्यापेक्षा वाजणारा बरा.'

साडेचारशे झाले, गॅस्केट धरून.

दुपारी मंजुळाबाईंनी किल्ली फिरवली.
शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालावं
इतपतच काहीतरी.
'अजून वाजतंय थोडं,' त्या म्हणाल्या.
तीन आठवड्यांतलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.
'हो,' मी म्हणाले. पाय ब्रेकवरून मागे घेतला.

सोनापूरच्या सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली.
मागून रिक्षावाल्याने हॉर्न धरून ठेवला.
मंजुळाबाईंनी काच खाली केली,
मान बाहेर काढली,
आणि त्या त्याला जे काही बोलल्या
ते इथे लिहिता येणार नाही.