आगाऊ

उपचारांबद्दलच्या आगाऊ इच्छा, असं कागदावर छापलं होतं.
तातोंनी चष्मा कपाळावर सरकवला.
'आगाऊच आहे,' म्हणाले,
आणि डॉक्टर फ्रीझन हसली.

बाहेर उणे एकतीस.
दवाखान्याच्या खिडकीवर आतूनही बर्फाची साय,
आणि आवारात आमचा ट्रक,
इंजिन गोठू नये म्हणून
भिंतीतल्या विजेला वायरीने बांधलेला.

चाळीस वर्षं या माणसाने धान्याच्या कोठारावर प्रतवारी केली.
मुठीत गहू घेऊन सांगायचे ओल किती,
दाताखाली दाणा फोडून सांगायचे
हिमाने तो नेमका कधी गाठला.
शेतकरी भांडायचे, काकुळतीला यायचे,
एकाने तर बायकोला रडायला सोबत आणलं होतं.
दोन नंबरचा गहू एक नंबरात गेला नाही.
म्हणून पहिला प्रश्न तातोंनीच टाकला:
'लॉर्ना, माझी प्रत कुठली?'

तिने पेन खाली ठेवलं.
'ओल धरलीय, ओरेस्त. हृदयात, पायांत.
वाळवत राहू आपण, जमेल तितकं.
पण फार दिवस साठवणीचा माल नाही हा.'
सात वर्षं गोळ्यांची नावं त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती.
हे शिरलं.

मग ती एकेक विचारत गेली, घाई न करता.
श्वासाची नळी? छातीवर दाब? रेजायनाचं मोठं हॉस्पिटल?
तातो मेथडीकाकांबद्दल बोलू लागले.
अकरा आठवडे मशीनवर, जीव टांगणीला,
नखं वाढत होती तेवढीच, ती नर्स कापायची.
'थांबवा' या शब्दाखाली सही माझी आहे, म्हणाले.
हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं,
एका प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर कोट घेऊन.
तातोंनी खिडकीबाहेर हनुवटी उडवली.
'वायर त्या ट्रकला लागलीय तेवढी पुरे.'

शेवटची ओळ: तुम्हाला बोलता येईनासं झालं,
तर तुमच्या वतीने कोण बोलेल?
मी पाठ ताठ केली.
वडिलांना दवाखान्यात आणते मी,
गोळ्यांच्या डब्या भरते मी,
त्यांच्या पायांना मोजे चढवते मी.
'मॅक्सीन,' ते म्हणाले.

मॅक्सीन. माझ्या भावाची घटस्फोटित बायको,
मूस जॉमध्ये बस चालवते,
नाताळला कार्ड पाठवते, तेही उशिरा.

'दारिया, तू बुर्कोला सोडू शकली नाहीस.
आंधळा झाला, मागचे पाय गेले,
तरी चमच्याने भरवत राहिलीस दोन हिवाळे.
शेवटी त्याला घेऊन कोण गेलं, सांग?'

मॅक्सीन गेली होती. ब्लँकेटमध्ये गुंडाळून, रेडिओ लावून.
परत आल्यावर तिने पट्टा धुऊन माझ्या हातात दिला
आणि एक शब्द बोलली नाही.

मला बोलायचं होतं. डोळे आधी बोलले.
डॉक्टरने रुमालांचा डबा सरकवला नाही,
त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.
ती नुसती थांबली,
आणि त्या थांबण्यात कुठेतरी माझे खांदे सैल झाले,
लाज वाटावी इतके सैल.

'आणि तुझा कागद?' तातोंनी तिला विचारलं.
लॉर्ना फ्रीझन, वय अठ्ठेचाळीस,
अर्ध्या गावाला हा कागद समजावून सांगणारी,
खणाकडे बघत म्हणाली, 'नाव लिहिलंय. माझं.'
'बरं,' तातो म्हणाले, 'पुढच्या गुरुवारी येतो. मी विचारतो, तू लिही.'

समासात त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली:
शेवटी मीठ चालेल. शेपूच्या लोणच्यातल्या काकड्या. बरणीतल्या, दुकानातल्या नकोत.
डॉक्टरने तीही वाचली, आणि खाली सही केली.

आवारात मी वायर उपसून गुंडाळू लागले.
ती थंडीने काठीसारखी कडक, वळता वळेना.
तातो आत बसून काच पुसत होते,
तळहाताने, त्यांच्याच बाजूची.